घाडीशेठच्या कपाटाची जागा

विश्राम घाडीच्या खोलीत कुणीही शिरलं की पहिलं वाक्य कानावर पडायचं, "तिथं पाय नको!"

या, बसा, पाणी घ्या, हे सगळं नंतर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, काच फुटली असेल नाहीतर विंचू निघाला असेल. हातात आमटीची वाटी घेऊन मी एका पायावर उभी राहिले. खाली बघते तर फरशीवर खडूने आखलेला एक मोठा चौकोन. आत काही नाही.

"काय रे हे?"

"कपाटाची जागा, काकी."

"मग कपाट कुठाय?"

"येणार."

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चाळ होती. खोल्या दहा बाय बाराच्या. त्यातली ही एवढी जागा त्याने नसलेल्या कपाटाला देऊन टाकली होती. आणि नुसत्या कपाटाला नाही. "दोन दारांचं लोखंडी कपाट आहे काकी, दारं सताड उघडली पाहिजेत ना," असं म्हणून दारांचीही जागा सोडलेली. त्या दारांपायी हा माणूस रात्री पाय पोटाशी घेऊन झोपायचा. फरशी पुसली की खडू घेऊन परत रेघा मारायचा. घरात दुसरं होतं काय, तर एक स्टोव्ह, एक पत्र्याची पेटी आणि दोरीवर वाळत घातलेले शर्ट.

चाळीत त्याला सगळे घाडीशेठ म्हणायचे. चेष्टेनेच म्हणायचे. त्याला ते कळायचं, पण तो ओ द्यायचा. "म्हणू दे, काकी. कानाला सवय व्हायला पाहिजे," म्हणायचा.

मी ह्या माणसावर बारीक नजर ठेवून होते. त्याला कारण होतं. त्याची बायको सुमती माझ्या गावची, मालवणकडची. तिच्या माहेरचं घर माझ्या दिराच्या घराला लागून. गिरण्यांचा संप लांबत गेला तेव्हा आमच्या चाळीतल्या बऱ्याच जणांनी बायकामुलं गावाला धाडली. विश्रामला मूलबाळ नव्हतं. त्याने सुमतीला धाडली. स्वतः पोचवायला गेला, तर एस्टीच्या थांब्यावर चार माणसांसमोर तिचा भाऊ त्याला बोलला, "बायकोक पोसूची ऐपत नाय, तर लगीन कित्याक केलंस?" विश्राम एरवी मवाळ माणूस. त्या दिवशी बोलून गेला, "आता नेईन ती ब्लॉकातच नेईन."

ब्लॉक म्हणजे ज्या घराच्या आत संडास असतो ते घर. आमच्याकडे तरी तोच अर्थ होता.

संप विरून गेला. विश्रामची गिरणी काही उघडली नाही. तो विक्रोळीला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत काम. कायम करायचं कुणी नाव काढत नव्हतं. अशा माणसाच्या हातात ब्लॉक कुठून येणार? पण ब्लॉकाशिवाय बायको आणायची नाही, हे त्याने धरून ठेवलेलं. सुमती तिकडे भावाच्या घरी शेण काढत होती आणि हा इकडे कपाटाची दारं उघडत होता.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं एका कोटवाल्याने. आमच्याकडच्या शाळेच्या हॉलमध्ये त्याचं भाषण झालं होतं. माणूस श्रीमंत कसा होतो, हा विषय. फुकट होतं, वर चहा होता. विश्राम चहासाठी गेला आणि भाषण घेऊन आला. कोटवाला म्हणाला म्हणे, गरिबी खिशात नसते, डोक्यात असते.

मी म्हटलं, "त्या मेल्याला सांग, महिनाअखेरीला माझ्या तांदळाच्या डब्यात हात घालून बघ. कुठे असते ते सापडेल."

"तुम्ही विचार मोठा करत नाही, काकी."

"मी सहा माणसांचा भात करते. तेवढा पुरे."

कोटवाल्याचे नियम होते. पहिला नियम असा, की "परवडत नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ते काढले की पैशाला कळतं आणि तो येत नाही. त्याच्याऐवजी म्हणायचं, "आज घेत नाही."

त्यामुळे मासळीबाजारात त्याच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. सरळ पापलेटवालीपुढे बसायचा. कल्ले उघडून बघायचा, बोटाने दाबून बघायचा, भाव विचारायचा. मग उठायचा आणि मोठ्या रुबाबात सांगायचा, "आज घेत नाही."

कोळीण एकदा भडकली. "अरे मेल्या, काल पण नाय घेतलास, परवा पण नाय घेतलास. हात लावून लावून माझी मावरं मऊ केलीस. तुझा आज उजाडतो तरी कधी?"

"उजाडणार, मावशी," हा हात जोडून म्हणाला आणि पलीकडे जाऊन मांदेलीच्या वाट्यापुढे उभा राहिला. तिथे भाव करायची वेळ आली की मला पुढे ढकलायचा. श्रीमंत माणूस घासाघीस करत नाही, हा दुसरा नियम. म्हणून घासाघीस मी करायची आणि मांदेली त्याने खायची.

तिसरा नियम घाईचा. श्रीमंत माणूस कधी घाई करत नाही. हा नियम त्याने सकाळच्या संडासाच्या रांगेत पाळायला घेतला तेव्हा चाळ त्याच्यावर उठली. पुढचा माणूस बाहेर आला की आमच्यातला कुणीही धावत सुटायचा. हा डबा हातात धरून एकेक पाऊल टाकत जायचा, जसं काही लग्नाच्या मांडवात चाललाय. मागून लोक ओरडायचे, "शेठ, गाडी मागवू का?" हा मान वळवून हसायचा. त्यात आणखी वेळ जायचा.

इथपर्यंत ठीक होतं. वेडा माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण रविवार माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

दर रविवारी जेवण झालं की हा लग्नातला कोट घालायचा. बुटाला पॉलिश. हातात ब्रीफकेस. ती ब्रीफकेस मी एकदा त्याचा केर काढायच्या निमित्ताने हलवून बघितली होती. आत नुसता कंगवा वाजला. हा असा नटून दुपारी जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. परत येताना तोंडात पान रंगलेलं आणि कोटाला गुलाबाचं फूल. काही वेळा अत्तराचा वास पण यायचा.

समोरची सुलोचना मला म्हणाली, "काकी, पुरुषाला गुलाब कोण देतं?"

"मला काय विचारतेस? मला कुणी दिलाय?"

"बाई आहे. मी सांगते तुम्हाला. आणि चांगल्या घरची आहे. गुलाब ताजा असतो."

मला पण तेच वाटत होतं. मी चौथी शिकलेली बाई, पण पुरुष बूट कशासाठी पुसतो हे समजायला शाळा लागत नाही.

गणपतीला मी गावी निघाले तेव्हा तो मला मुद्दाम भेटायला आला. म्हटलं, "सुमतीला काय सांगू?"

म्हणाला, "सांगा, एवढ्यात आणत नाही."

"एवढंच?"

"एवढंच सांगा."

मी निरोपात आपलं मीठमसाला घालत नाही. तो जे बोलला ते मी सुमतीला जसंच्या तसं सांगितलं. ती पडवीत विळी घेऊन नारळ खोवत होती. तिने मान वर केली नाही. "आणूक जमत नाय, की आणूचा नाय?"

"ते मला काय माहीत? बोलला ते सांगितलं."

"काकी, खरा सांग. थय दुसरी कोण आसा?"

मी रविवारबद्दल बोलले नाही. एवढंच म्हटलं, "बघते मी. असली तर झिंज्या धरून तिला रस्त्यावर आणते." सुमती खोवून संपलेली वाटी उचलून परत खोवायला लागली. विळीचा नुसता खरखर आवाज येत होता.

मुंबईला आले आणि पहिल्याच रविवारी त्याच्या मागे निघाले. तो आग्रा रोडच्या बसमध्ये पुढे बसला, मी डोक्यावर पदर ओढून मागे बसले. मुलुंडला उतरला. मी पण उतरले. एका नव्या बिल्डिंगपाशी गेला. बाहेर बांबूची परांची अजून बांधलेली होती, पण पहिल्या मजल्यावरचा एक ब्लॉक लोकांना दाखवायला रंगवून तयार ठेवला होता. दारात सफारी घातलेला एक मनुष्य उभा होता. त्याने विश्रामला बघून दोन्ही हात जोडले. "आओ, घाडीशेठ!"

मला वाटलं, बाई वर असणार. जिन्याने वर गेले आणि ब्लॉकाच्या दाराआड उभी राहिले.

बाई नव्हती. विश्राम स्वयंपाकघरात उभा होता आणि ओट्याला हात लावून मोजत होता. "हा ओटा चार बोटं खाली घ्यावा लागेल," तो सफारीवाल्याला सांगत होता. "आमची मंडळी ठेंगणी आहे. पोळपाटावर जोर देता आला पाहिजे. नाहीतर खांदा दुखतो तिचा."

"हो जायेगा, शेठ."

मग आतल्या खोलीत गेला. खिडकीत उभा राहून सूर्य कुठे आहे ते बघितलं. "ह्या खिडकीला वर छज्जा नाही का? तिला दुपारी पडायची सवय आहे. ऊन तोंडावर आलं की डोकं चढतं तिचं."

"पडदा लगा देना, शेठ. तो बुकिंग कधी करायचा?"

"आज घेत नाही," विश्राम म्हणाला. "मंडळींना आणतो. ती हो म्हणाली की मग."

सफारीवाल्याने त्याला थंडाची बाटली दिली, पान दिलं आणि टेबलावरच्या तबकातला गुलाब कोटाला लावला. येणाऱ्या प्रत्येकाला लावत होता. मी पुढे झाले असते तर मला पण मिळाला असता.

बाई असती तर काय करायचं ते मला माहीत होतं. ओट्याच्या झिंज्या कशा धरणार?

परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसले. तो दचकला. गुलाबावर हात ठेवला.

"कुठले कुठले ब्लॉक बघितलेस?"

"मुलुंड, भांडुप. बोरीवलीला पण जाऊन आलो. बघायला काय जातंय, काकी? श्रीमंती डोळ्याखालून गेली पाहिजे."

"आणि सुमतीला हे सांगितलंस?"

"झाल्यावर सांगणार."

"अरे शहाण्या, निदान एवढं तरी सांग तिला, की परवडत नाही म्हणून थांबलोय."

त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. भर बसमध्ये. "ते शब्द नको!"

"मग मी सांगते."

"तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ, काकी!" एवढ्या मोठ्याने म्हणाला की कंडक्टरने वळून बघितलं. सगळ्या बसच्या देखत शपथ घातल्यावर मी तरी काय करणार?

तरी माझा संशय सगळा गेला नाही. नुसता दुसरीकडे वळला. मला आता त्या सफारीवाल्याचा संशय येत होता. गिरणीचे थोडे फंडाचे पैसे विश्रामकडे होते, हे मला ठाऊक होतं. पान आणि गुलाब देणारा माणूस तेवढ्यावर थांबत नाही.

आणि झालं तसंच. होळीच्या आधी एका संध्याकाळी सफारीवाला पेढ्यांचा पुडा घेऊन आमचा डोंगर चढून वर आला. दम लागला होता. "घाडीशेठचा बंगला कुठला?" त्याने सुलोचनेला विचारलं. तिने बोट दाखवलं. मी लगेच मागोमाग गेले. हा मनुष्य विश्रामचा अंगठा कशावर उठवून घेतो की काय, ते बघायचं होतं.

सफारीवाला दारात आला. एक पाय आत टाकला.

"तिथं पाय नको!"

तो जागच्या जागी थांबला. खडूचा चौकोन बघितला, स्टोव्ह बघितला, दोरी बघितली. "शेठ, इथे राहता?"

"सध्या," विश्राम म्हणाला.

सफारीवाल्याने आणखी एकदा सगळीकडे बघितलं. बुकिंगचा शब्द काढला नाही. पेढ्यांचा पुडा परत नेणं बरं दिसेना म्हणून उंबऱ्यावर ठेवला आणि उतरून गेला. माझा त्या माणसावरचा संशय तिथे संपला. बिचाऱ्याचाच डोंगर फुकट चढून झाला होता.

पण सुलोचनेने आतलं काही बघितलं नव्हतं. तिने सफारी बघितली आणि पेढे बघितले. रात्रीपर्यंत सगळ्या चाळीला कळलं की घाडीशेठने मुलुंडला ब्लॉक घेतला. मी किती नाही म्हटलं, तर लोक म्हणाले, काकी जळतात. शिमग्याला माणसं गावी गेली, त्यांच्याबरोबर तो ब्लॉक पण गेला. वाटेत त्याला आणखी एक खोली फुटली असेल.

शिमगा होऊन आठवडा झाला नसेल. सकाळी दार उघडते तर समोर सुमती. डोक्यावर पेटी, हातात कोकमांची पिशवी. विश्राम कामावर गेला होता. तिला आत घेतली, चहा दिला.

"ब्लॉक कुठे आहे, काकी?"

"मला शपथ घातलीय. त्यालाच विचार."

तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे बाई पण आहे."

"बाई नाही. एवढं सांगितलं तर शपथ मोडत नाही."

दिवसभर ती माझ्या उंबऱ्यात बसून राहिली. जेवली नाही. संध्याकाळी विश्राम नेहमीसारखा सावकाश, एकेक पाऊल टाकत डोंगर चढून येताना दिसला. वळणावर त्याने मान वर केली आणि त्याला ती दिसली. मग तो असा धावत सुटला की एक चप्पल वाटेतच राहिली. शेठला धावताना चाळीने पहिल्यांदा बघितलं.

त्याने कुलूप काढलं. सुमती पेटी घेऊन आत शिरली.

"तिथं पा..." तो म्हणाला आणि थांबला. ती बरोबर चौकोनाच्या मधोमध उभी होती.

"हे काय आखलंय?"

"कपाटाची जागा."

"कपाटात ठेवणार काय?"

विश्रामला हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मी पण नाही.

"लोक म्हणतात ब्लॉक घेतलात," ती म्हणाली. "माझा भाऊ गावभर सांगत सुटलाय. कुठे आहे तो?"

गॅलरीत सगळी चाळ गोळा झालेली. विश्रामच्या तोंडावर घाम आला होता. "आज घे..." त्याने सुरुवात केली. जीभ अडली. परत सुरुवात केली. मग खाली बघून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "परवडत नाही गो."

गॅलरीत कुणी हसलं नाही.

सुमतीने पेटी खाली ठेवली, चौकोनात ठेवली, आणि तिच्यावर बसली. मला वाटलं, आता रडते. पण तिला राग आला होता. "मग हे सांगायचं नाय? 'एवढ्यात आणत नाय' म्हणून निरोप धाडता. मी काय समजू? मला वाटलं, नकोच आहे मी. परवडत नाय एवढं कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी एस्टीत बसले असते."

"तुझ्या भावासमोर शब्द दिला होता."

"भावाशी बोललात. माझ्याशी कुठे बोललात?"

मी गॅलरीतल्या लोकांना म्हटलं, "चला, झालं. आपापले स्टोव्ह बघा." आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

पुढे ते श्रीमंत झाले, असं सांगायला मला आवडलं असतं. झाले नाहीत. कंपनीने त्याला परत ब्रेक दिला, परत घेतलं. ब्लॉक नाही, कपाट पण नाही. विश्रामचे नियम सुद्धा सगळे सुटले नाहीत. मासळीबाजारात तो अजून पापलेटचे कल्ले उघडतो आणि "आज घेत नाही" म्हणतो. फक्त आता मागे सुमती उभी असते. ती म्हणते, "परवडत नाय हो मावशी, मांदेलीचं बोला." मांदेली मला मिळायची त्याहून स्वस्त मिळते. दोघं मिळून बाजार बरा करतात, हे मला कबूल करायला लागतं.

एका रविवारी दुपारी मी उसळीची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. सुमतीने फरशी पुसल्यापासून खडूच्या रेघा गेल्या होत्या आणि त्याने परत आखल्या नव्हत्या. चटई न घालता ती तिथेच फरशीवर झोपली होती. ठेंगणी बाई, नेमकी तेवढ्या जागेत मावली होती. विश्राम कोपऱ्यात, स्टोव्हला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसला होता. त्याचा लग्नातला कोट खिडकीच्या गजांना अडकवलेला होता, दोन्ही बाह्या ताणून बांधलेल्या. ऊन कोटावर पडत होतं. आत येत नव्हतं.

मी उंबरा ओलांडायला पाय उचलला. त्याने हात वर केला आणि कुजबुजला, "काकी, तिथं पाय नको."

मी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि परत आले.